आक्कांना कुणी विचारलं होतं?



दुपारची भांडी आवरून तुम्ही आत्ता जरा टेकला असाल. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी तांदूळ निवडत असेल. हात चालू राहू देत, नुसतं ऐकायचं आहे.

आज आम्ही आमच्या गटाची एक चूक सांगणार आहोत. रेडिओवर येऊन चूक सांगायची म्हणजे आमच्यातल्या दोघींना ते पटत नव्हतं. ‘चांगलं केलंय तेवढं सांगा की,’ असं त्यांचं म्हणणं. पण चूक सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आमच्या गटाला अकरा वर्षं झाली. त्यातली सहा वर्षं गटाचा पैसा सांभाळला आक्कांनी. आक्का म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, साठीच्या आसपास. शाळा चौथीपर्यंत, पण हिशोब असा की सचिव वहीत बेरीज करायच्या आत आक्का आकडा सांगणार. पेटीची किल्ली कायम त्यांच्या कमरेला.

चार-पाच वर्षांपूर्वी आक्का दाराच्या चौकटीला धडकायला लागल्या. शेजारून कुणी गेलं तर त्यांना कळायचं नाही. आम्ही म्हणायचो, ‘आक्का, कुठं लक्ष असतं तुमचं?’ त्यांना वाटलं चाळिशी वाढली असेल. आठवडी बाजारातून, दुकानात लावून बघून एक चष्मा आणला. समोरचं थोडं बरं दिसायला लागलं, म्हणून दीड वर्ष त्यातच गेलं. मग एकदा भरल्या घागरीसकट ओट्यावरून पडल्या, तेव्हा लेकानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात मधली थोडीशी नजर राहिलेली.

काचबिंदूबद्दल इथंच सांगून टाकतो, कारण मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं सारखी वाटतात आणि गोंधळ होतो. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून दुसरं बसवता येतं आणि माणूस पुन्हा बघायला लागतो. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस खराब होते. बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढून असं होतं. नजर कडेकडेनं कमी होत जाते, दुखत-खुपत नाही, त्यामुळं माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. रोज न चुकता थेंब घालून, कधी शस्त्रक्रिया करून, राहिलेली तेवढी वाचवता येते. आणि हा आजार रक्ताच्या नात्यात असतो. आक्कांच्या दोन्ही लेकांना आणि लेकीला तपासलं, तर धाकट्याच्या डोळ्यात दाब जास्त निघाला. त्याचं वय अडतीस. त्याला वेळेत कळलं.

आता आमची चूक. आक्का दवाखान्यातून आल्यावर जी पहिली बैठक झाली, तिच्यात आम्ही म्हटलं, ‘आक्का, खूप केलंत गटासाठी. आता तुम्ही आराम करा.’ आणि कोषाध्यक्षपद दुसरीला दिलं. आक्का काही बोलल्या नाहीत. कमरेची किल्ली काढली, चाचपून पेटीवर ठेवली. आम्ही टाळ्या वाजवल्या, नारळ दिला, साडीचोळी केली. घरी जाताना आम्हाला वाटत होतं, किती छान कार्यक्रम झाला.

पुढच्या बैठकीला आक्का आल्या नाहीत. त्यांची बचत सूनबाईंनी आणून दिली. त्याच्या पुढच्याही दोन बैठकांना तसंच. आम्हाला त्यात काही खटकलं नाही.

खटकलं ते तालुक्याच्या एका प्रशिक्षणात. तिथं एक ताई शिकवायला आल्या होत्या. त्यांना जन्मापासून दिसत नाही. पांढरी काठी घेऊन एकट्या एसटीनं आलेल्या. त्यांनी विचारलं, ‘तुमच्या गटात न दिसणाऱ्या बायका किती?’ आम्ही म्हटलं, ‘एकपण नाही.’ ‘आणि गावात?’ ‘असतील दोन-चार.’ ताई म्हणाल्या, ‘मग त्या गटात का नाहीत?’ आम्ही एकमेकींकडे बघितलं. आक्का तर अजून गटाच्या सभासद होत्या, वहीत नाव होतं, बचत येत होती. आणि आम्ही ‘एकपण नाही’ म्हणून मोकळ्या झालो होतो.

त्या ताईंनी सांगितलं, न दिसणाऱ्या माणसांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा हेतू काय असतो. मुंबईत १९५२ साली ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ ही संस्था निघाली. तिलाच आपण ‘नॅब’ म्हणतो. महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांत तिच्या शाखा आहेत. अशा संस्थांनी कामं ठरवून घेतलेली असतात. जे अंधत्व टाळता येतं ते टाळायचं. ज्यांना दिसत नाही त्यांना शिकवायचं. त्यांच्या हाताला काम मिळवून द्यायचं. आणि नजर गेल्यावरही माणूस आपल्या घरात, आपल्या गावात नेहमीसारखा राहील असं बघायचं. ताई म्हणाल्या, ‘पहिलं काम सगळ्यांना आवडतं, कारण शिबिराचा फोटो निघतो. पुढची कामं घरात शिरून करावी लागतात, तिथं कुणी फोटो काढायला येत नाही.’

मग आम्ही आक्कांकडे गेलो, पाचजणी. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. शेवटी आमच्यातली एक म्हणाली, ‘आक्का, बैठकीला का येत नाही?’ तर म्हणाल्या, ‘किल्ली घेताना कुणी विचारलं होतं का मला?’

आम्ही गप्प. आक्काच पुढं म्हणाल्या, ‘डोळ्यांना दिसंना झालं, डोक्याला नाही. कुणाकडं किती कर्ज आहे ते आजपण सांगते, वही काढा.’ वही काढली. आक्कांनी एकेकीचं नाव घेऊन मुद्दल, व्याज, राहिलेले हप्ते सांगितले. दोन आकडे चुकले. ती दोन कर्जं त्या तीन महिन्यांत दिलेली होती. त्यांना ती कुणी सांगितलीच नव्हती.

त्या दिवसापासून आम्ही हे काम हातात घेतलं. एकट्या गटाला झेपणार नाही म्हणून ग्रामसंघात मांडलं. ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव केला, की गावात कुणाची वाचण्यासारखी नजर जाऊ द्यायची नाही, आणि जिची गेली आहे तिला घरात बसवून ठेवायचं नाही. दोनच वाक्यं. ती आम्ही बैठकीच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवली आहेत. पहिलं वाक्य सोपं निघालं. दुसऱ्यानं दमवलं.

पहिल्याचं सांगतो. आम्ही एका दोरीला तीन मीटरवर गाठ मारली आणि वाड्या-वस्त्यांसकट सगळ्या घरांत फिरलो. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला उजेडात उभं करायचं, असला तर चष्मा लावायला सांगायचा, आणि गाठीइतक्या अंतरावरून बोटं दाखवायची. सरकारच्या व्याख्येत अंधत्व म्हणजे हेच, चांगल्या डोळ्यानंही तीन मीटरवरून बोटं मोजता न येणं. नंतर सहा मीटरवरूनही बघितलं, कारण आपल्याला अंध झाल्यावर नाही, त्याच्या आधी पकडायचं असतं. आशाताई बरोबर होत्या, त्यामुळं लोकांनी दारातून परत पाठवलं नाही.

सरकारनं २०१५ ते २०१९ या वर्षांत देशभर एक सर्वेक्षण केलं होतं. त्यात दिसलं, की पन्नाशीच्या पुढच्या ज्या लोकांना दिसत नाही, त्यांच्यातल्या शंभरातल्या सहासष्ट जणांना मोतीबिंदूमुळं दिसत नाही. म्हणजे उपचार आहे, देशात अंधत्व निवारणाचा कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया मोफत होते, आणि तरीही ही माणसं अंधारात बसलेली आहेत. त्यातही बायका जास्त. का जास्त, ते तुम्हाला सांगायला नको. घरात आधी त्यांचं ऑपरेशन होतं, मग पेरणी येते, मग नातवाचं जावळ येतं, आणि बाईचं पुढच्या वर्षावर जातं.

आमच्या गावात एकोणीस जण निघाले. बहुतेकांना मोतीबिंदूच होता. पण ऑपरेशनला तयार किती, तर चार. कुणी म्हणे अजून पिकला नाही. बायांनो, मोतीबिंदू पिकायची वाट बघायची ती जुनी गोष्ट झाली. आता तसं थांबायची गरज नसते. उलट फार पिकला तर शस्त्रक्रिया अवघड होते आणि डोळ्यात दाबही वाढू शकतो. एक मावशी काहीच कारण सांगेनात. तीन वेळा गेल्यावर कळलं की त्यांच्या दोन शेळ्या आहेत, एक व्यायला झालेली, बघणारं कुणी नाही. मग गटातल्या दोघींनी पाळी लावून शेळ्या सांभाळल्या. एक आजी म्हणायच्या, ‘मला आता काय बघायचंय, वर जायचे दिवस आले.’ त्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी आल्या, आढ्याकडं बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, ‘ही जळमटं कधीची गं?’ सून आमच्यावर अजून रागावलेली आहे.

मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारं औषध घालून डोळ्याचा पडदा तपासून घ्या, दिसायला चांगलं असलं तरी. उसाचं पान, भाताचं तूस, ज्वारीचं कूस डोळ्यात लागलं तर घरी काही घालू नका. मध नाही, एरंडेल नाही, अंगावरचं दूध नाही, मागच्या वेळच्या बाटलीतले राहिलेले थेंब तर अजिबात नाहीत. बुबुळाला जखम झालेली असते, तिच्यात जंतू गेले की पांढरा डाग पडतो आणि नजर जाते. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे. सुगीत एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून आपण थांबतो, आम्हीही थांबलोय.

आता दुसऱ्या वाक्याकडे येतो.

एकोणीस जणांमधल्या पाच जणांची नजर परत येणार नव्हती. आक्का धरून तिघी बायका. त्यांच्या घरी आम्ही त्या प्रशिक्षणातल्या ताईंना घेऊन गेलो. पहिल्याच घरी आम्ही मावशींना मागून दोन्ही खांद्यांना धरून बाहेर आणायला लागलो, तर ताईंना पावलांच्या आवाजावरून कळलं. म्हणाल्या, ‘ढकलू नका. तुमचा कोपर त्यांच्या हातात द्या. तुम्ही अर्धं पाऊल पुढं चाला. तुमचं अंग वळलं की त्यांना वळण कळतं, तुम्ही पायरी चढलात की त्यांना पायरी कळते.’ एवढी साधी गोष्ट, आम्हाला माहीत नव्हती. तुम्ही आज घरी करून बघा. डोळे मिटा आणि कुणाला तरी मागून ढकलायला सांगा, मग कोपर धरून चाला. फरक कळेल.

घरात अर्धवट उघडं दार सगळ्यांत वाईट. एक तर पूर्ण उघडं ठेवा नाही तर बंद. वस्तू जिथली तिथं. मिठाचा डबा ओट्याच्या कोपऱ्यात असेल तर तिथंच, पाहुणे आले म्हणून हलवायचा नाही. भातातलं पाणी आपण बोटाच्या पेरानं मोजतोच, त्याला डोळे कशाला लागतात? साखर आणि मिठाच्या डब्यांना वेगळी दोरी बांधली की झालं.

आणि ताटाची गोष्ट सांगायची राहिली. न दिसणाऱ्या माणसाला जेवण वाढताना घड्याळाप्रमाणे सांगतात, बारावर हे, तीनवर ते, असं ताई म्हणाल्या. आक्का हसल्या. म्हणाल्या, ‘त्याला घड्याळ कशाला पाहिजे? आपल्याकडं पान वाढायची रीत आहे. वर मधोमध मीठ, डावीकडं लिंबू-चटणी-कोशिंबीर, उजवीकडं भाजी-आमटी. रीतीनं वाढलं तर मी अंधारातपण जेवते. तुम्ही हल्ली कशावर पण काही पण टाकता.’ ताईंनी ते वहीत टिपून घेतलं. त्यांची वही म्हणजे जाड कागद, त्यावर पट्टी आणि टोच्यानं टिंबं पाडायची. सहा टिंबांची ब्रेल लिपी. मराठी त्यात सगळी लिहिता येते. आमच्यातल्या एकीनं बोटानं चाचपून बघितलं, तिला सगळं सारखंच लागलं.

एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण इथं सगळ्या बायकाच ऐकतायत. त्या तिघींपैकी दोघी संध्याकाळी चारनंतर पाणी पीत नव्हत्या. कारण संडास परसात, रात्री कुणाला उठवायचं? सुनेला, नातीला रोज हाक मारायची लाज वाटते. त्यातल्या एकीला लघवीचा त्रास सुरू झालेला. आम्ही मागच्या दारापासून संडासाच्या कडीपर्यंत कमरेच्या उंचीवर नायलॉनची दोरी ओढली, तीन खांब रोवले, संडासाजवळ दोरीला एक मोठी गाठ. खर्च म्हणावा तर काही नाही, गावातल्या मुलांनी दोन तासांत करून दिलं. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं, आम्हालाही नाही. आम्ही हळदीकुंकवाला त्याच दारातून जात होतो.

आता पैशाचं. आपण बचत गटाच्या बायका, आपल्याला पैशाचंच जास्त कळतं. नजर गेलेल्या बाईच्या हातातून पहिल्यांदा काय जातं? पैसा जातो. ‘तुला दिसत नाही, फसशील’ असं म्हणून घरचे व्यवहार काढून घेतात. भाजी आणायला दहा रुपयेसुद्धा कुणाकडं तरी मागायचे.

आक्कांनी नोटांवर महिनाभर घालवला. नव्या शंभर, दोनशे, पाचशेच्या नोटा रुंदीला सारख्याच आहेत, ६६ मिलिमीटर. लांबी मात्र १४२, १४६ आणि १५०. म्हणजे शंभर आणि दोनशेत फक्त चार मिलिमीटरचा फरक, दोनशे आणि पाचशेतही तेवढाच. नुसत्या बोटाला तो लागत नाही. म्हणून आक्कांनी नातवाकडून वहीच्या पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या कापून घेतल्या, तीन लांब्यांच्या, आणि कोपऱ्याला एक, दोन, तीन अशा खाचा पाडल्या. नोट पट्टीवर ठेवायची, टोकाला टोक जुळतं का बघायचं. नव्या नोटेच्या दोन्ही कडांना उठावाच्या तिरक्या रेघाही असतात. शंभरला चार, दोनशेला चार आणि मध्ये दोन बारीक गोल, पाचशेला पाच. पण नोट चार हातांतून फिरली की त्या रेघा बसून जातात, आक्का म्हणतात त्यांच्यावर भिस्त नको. ज्यांच्याकडे कॅमेऱ्याचा फोन आहे त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेनं २०२० साली ‘मनी’ नावाचं ॲप काढलं आहे, त्याच्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं. फोन स्वतःही बोलतो. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ म्हणून सोय आधीपासूनच असते, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची. मग ज्याच्यावर बोट ठेवाल ते फोन वाचतो आणि दोनदा टिचकी मारली की उघडतो. आक्कांना ते आवडलं नाही, फार बडबड करतं म्हणाल्या. वस्तीवरच्या मावशींना मात्र आवडलं. त्या लेकीला स्वतः फोन लावतात आता.

बँकेचाही अनुभव सांगतो. एका बँकेत आक्कांना म्हणाले, तुम्हाला दिसत नाही, तेव्हा कुणातरी बरोबर जोडखातं करा, एटीएम कार्ड मिळणार नाही. आम्ही मान डोलावून परत आलो. मग ताईंनी सांगितलं, की रिझर्व्ह बँकेनं २००८ सालीच सगळ्या बँकांना कळवलेलं आहे, दिसत नाही म्हणून कुणाला चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारायचं नाही. आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सांगतो, की मालमत्ता बाळगणं, वारसा मिळवणं, आपला पैसा आपण सांभाळणं, कर्ज घेणं, यात इतरांइतकाच हक्क आहे. आम्ही ते लिहून घेऊन दुसऱ्यांदा गेलो. या वेळी साहेबांनी खुर्ची दिली. कार्ड तीन आठवड्यांनी आलं.

हा कायदा एका ठिकाणी फार कामाला आला. वस्तीवरच्या ज्या मावशींचं आत्ता बोललो, त्यांना दहा वर्षांपासून दिसत नाही. त्यांच्या वडिलांच्या नावावर थोडी जमीन. एक दिवस माहेरचं कुणीतरी गाडी घेऊन आलं. म्हणाले, तालुक्याला चला, तुमच्या अनुदानाचं काम आहे, फक्त अंगठा द्यायचा. आम्ही गटात एक नियम केलेला, की न दिसणाऱ्या बाईनं कुठल्याही कागदावर अंगठा किंवा सही करायच्या आधी, घराबाहेरच्या दोघींनी तो कागद तिला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायचा. मावशी म्हणाल्या, ‘गटाच्या बायकांना बोलवा, त्या वाचतील मग मी येते.’ पाहुणे म्हणाले उशीर होतोय. मावशी खाटेवरून हलल्या नाहीत. आम्ही दोघी गेलो, कागद मागितला, आधी देईनात. शेवटी दिला. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, हक्कसोडपत्र.

आम्ही वाचून दाखवलं. मावशींनी विचारलं, ‘म्हणजे काय?’ आम्ही सांगितलं. मग त्या पाहुण्यांना म्हणाल्या, ‘चहा घेऊन जावा.’ दुसरं काही नाही.

पुढं त्या हक्क सोडतील किंवा ठेवतील, तो त्यांचा आणि भावांचा प्रश्न. आम्ही त्यात पडलो नाही. पण सोडला तर कळून सोडतील.

कागदांची गोष्ट निघाली आहे तर दिव्यांग प्रमाणपत्राचं सांगतो. अर्ज ऑनलाइन होतो, सेवा केंद्रात भरून मिळतो. मग सरकारी दवाखान्यात तपासणी होते आणि टक्केवारी ठरते. बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा जास्त लागतं. वैश्विक ओळखपत्र येतं, चाळीस ते ऐंशीच्या आत असेल तर पिवळ्या पट्टीचं, ऐंशी आणि वर असेल तर निळ्या. ते हातात आलं की एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा, उत्पन्नाची अट आणि आत्ताची रक्कम तिथं विचारा, ती वेळोवेळी बदलते. आणि ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, हे आमच्या ग्रामसभेत आम्ही विचारलं तेव्हा बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं. मागच्या वर्षीचे पैसे कशाला गेले ते अजून कळलेलं नाही. आम्ही लेखी विचारलं आहे.

तुमच्या गावात न दिसणाऱ्या, अपंग अशा पाच जणी, पाच जण असले तर त्यांचा वेगळा गटही ‘उमेद’मध्ये होतो. नेहमीसारख्या दहाजणी लागत नाहीत, आणि दिव्यांगांच्या गटात पुरुषही चालतात. आमच्याकडं तो प्रश्न आला होता. आक्का नको म्हणाल्या. ‘मला माझाच गट पाहिजे,’ म्हणाल्या.

बैठकीत आम्ही आता एक बदल केला आहे. सचिव वहीत लिहिते ते सगळं मोठ्यानं वाचते. बचत कुणाची किती, कर्ज कुणाला, किती टक्क्यानं, पेटीत शिल्लक किती. नोटा मोजतानाही मोठ्यानं. हे आक्कांसाठी सुरू केलं. पण दुसऱ्याच महिन्यात आमच्यातल्या चौघी, ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, मध्येच थांबवून विचारायला लागल्या. माझं व्याज एवढं कसं? हा हप्ता मी दिला होता की! अकरा वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आम्ही वही त्यांच्यापुढं धरायचो आणि त्या अंगठा उठवायच्या. बैठक आता तासभर जास्त चालते आणि आमच्यातल्या काहीजणी त्यावर कुरकुरतात, हेही खरं.

येत्या महिन्यात गटाचे पदाधिकारी बदलायचे आहेत. कोषाध्यक्षपदासाठी आक्कांनी नाव दिलं आहे. त्या म्हणतात, पैसे मी पट्टीनं मोजीन, दुसरी डोळ्यानं मोजील, आणि दोघींची मोजणी जुळल्याशिवाय पेटी बंद होणार नाही. किल्ल्या दोन, एक माझ्याकडे. आमच्यातल्या निम्म्याजणींना हे पटलं आहे. निम्म्या म्हणतात, बँकेच्या माणसांपुढं कसं दिसेल, काही कमी-जास्त झालं तर कुणावर येईल. त्या काही वाईट बायका नाहीत, त्यांचे पैसे त्या पेटीत आहेत. मतदान चिठ्ठीनं करायचं की हात वर करून, यावर मागच्या बैठकीत अर्धा तास गेला. आक्का म्हणाल्या, ‘हात वर केले तर मला दिसायचे नाहीत. नाव घेऊन बोला.’ तर तसं ठरलं आहे, प्रत्येकीनं तोंडानं आपलं मत सांगायचं.

बैठक अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आहे. काय झालं ते पुढच्या वेळी इथंच सांगू. आणि हो, तालुक्याच्या दवाखान्यात डोळ्यांची तपासणी कोणत्या वारी असते ते तुमच्या आशाताईंना विचारून ठेवा, घरातल्या सासूबाईंना, आईला घेऊन जा, आणि गेल्यासारखं स्वतःचेही तपासून घ्या.